कुणाकडे शिकलास रे बाळ?

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माळ्यावरचा आकाशकंदील काढायला स्टुलावर चढलो, उजवा हात वर केला आणि तो खांद्याच्या रेषेतच अडकला. पुढे महिनाभर हाताने जणू संपच पुकारला. सदऱ्याची बाही घालताना तारांबळ, पाठ खाजवायची झाली तर दाराच्या चौकटीचा आश्रय. लेप झाले, शेक झाला, डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. अखेर आमच्या सौभाग्यवतींनी कुठूनशी माहिती काढली आणि मला पेठेतल्या एका सुया टोचणाऱ्या गृहस्थांकडे नेऊन बसवले. बरोबर आमची आत्याही आली. आत्याचे वय शहाऐंशी. घरातून कुणीही दवाखान्यात निघाले की चपला घालून दारात आधी तीच उभी असते.

गृहस्थ तरुण होते, पस्तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी माझी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि केसासारख्या बारीक सुयांची पुडी फोडली. इतक्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून आत्याचा आवाज आला, "कुणाकडे शिकलास रे बाळ?"

मी ओशाळलो. आपण डॉक्टरांना असे विचारत नाही. भिंतीवरच्या चौकटीतले प्रमाणपत्र पाहतो आणि गप्प बसतो. पण त्या तरुणाला राग आला नाही. तो म्हणाला, "आजी, आधी साबणाच्या वडीवर शिकलो. मग कापसाच्या गच्च गुंडीवर. मग स्वतःच्या पायावर. दुसऱ्याच्या अंगाला सुई लावू दिली ती त्यानंतर." आत्याने मान हलवली. तिला उत्तर पटल्यासारखे दिसले, कारण परतताना रिक्षात ती म्हणाली, "तुझ्या आजोबांकडेही असंच होतं."

आमचे आजोबा वाईला वैद्यकी करत. मी त्यांना पाहिले नाही. आत्याच्या सांगण्याप्रमाणे घरात दोनतीन शिष्य कायम असत. त्यांना पहिले वर्षभर काय काम? तर मुळ्या वाळवणे, कुटणे, चूर्ण वस्त्रगाळ करणे आणि खल घोटणे. दुसऱ्या वर्षी डोंगरावरून गुळवेल, भुईरिंगणी, अडुळसा आणायचा. चुकीचे पान आणले तर आजोबा बोलत नसत, ते नुसते उकिरड्यावर टाकत. तीन वर्षे अशी गेल्यावर शिष्याने रोग्याच्या मनगटाला बोट लावायचे, तेही आजोबांनी नाडी पाहून झाल्यावर. आजोबांनंतर ती वैद्यकी संपली. वडील कारकून झाले, मी इतिहासाचा मास्तर. खल मात्र आमच्या घरी अजून आहे.

मास्तरकीची खोड अशी की प्रश्न कानावर पडला की तो जुन्या काळात नेऊन पाहावासा वाटतो. सुया टोचून आणि झाडपाला देऊन बरे करणारा चिनी वैद्य हजारदीड हजार वर्षांमागे कुणाकडे शिकत असेल? रोग्याने त्याच्यावर भरवसा ठेवायचा तो कशाच्या बळावर? हिवाळाभर खांद्यात सुया घेत मी याच शोधात वाचत बसलो. जे हाती लागले ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

चीनमधली फार जुनी समजूत अशी की, ज्याच्या घरात तीन पिढ्या वैद्यकी नाही त्याचे औषध पोटात घेऊ नये. म्हणजे विद्या घराण्यात. बाप मुलाला शिकवील, मुलगा नातवाला. पण राज्य मोठे झाले, दरबार आला, फौज आली, तेव्हा घराण्यांवर भागेना. सातव्या शतकात तांग राजवटीत राजधानी चांगआनला सरकारी वैद्यकशाळा उभी राहिली. तिच्या कारभाराची नोंद शिल्लक आहे आणि ती वाचताना मौज वाटते. सुईच्या शाखेत एक आचार्य, एक साहाय्यक, दहा सुईवैद्य, वीस सुईचे कारागीर. आणि विद्यार्थी किती? वीस! आमच्या शाळेत साठ मुलांमागे मी एकटा असे. आचार्याने दर महिन्याला परीक्षा घ्यायची, शाळेच्या मुख्याने दर तिमाहीला, आणि वर्षाअखेरीस वरच्या खात्याच्या अधिकाऱ्याने. नऊ वर्षे बसूनही ज्याला विद्या आली नाही त्याला घरी पाठवायचे. राजधानीतच उत्तम जमिनीचा सुमारे चाळीस एकरांचा औषधी बगीचा होता. त्यात सोळा ते वीस वर्षांची सामान्य घरांतली मुले घेत आणि त्यांना लावणी, राखण, तोडणी शिकवून बगीच्याचे जाणते करत. सुई आणि पाला या दोन्ही विद्यांना अशी एकाच छपराखाली जागा मिळाली.

तरी एक अडचण राहिलीच. सुई कुठे टोचायची ती जागा ठरलेली. अंगावर अशा शेकडो जागा, प्रत्येकीला नाव. पण जागा दाखवायची कशी? गुरू बोट ठेवून दाखवी. गुरू नसेल तर चित्र. चित्रावरून चित्र उतरवताना जागा बोटभर सरके, पुढच्या नकलेत आणखी बोटभर, आणि शेवटी दोन गावांतले दोन वैद्य एकाच नावाच्या दोन जागी सुया टोचत. मोडी दप्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना नक्कल करणाऱ्याचे प्रताप मी सांगायला नकोत.

यावर तोड काढली ती सुंग काळात वांग वैयी नावाच्या दरबारी वैद्याने. बादशहाच्या हुकमाने त्याने १०२६ मध्ये सगळ्या जागांचा नवा, तपासलेला ग्रंथ सिद्ध केला. पण ग्रंथाचीही नक्कलच होणार. म्हणून १०२७ मध्ये त्याने माणसाच्या उंचीचे दोन ब्राँझचे पुतळे ओतवून घेतले. पुतळ्यावर साडेसहाशेच्या वर जागा कोरलेल्या आणि त्या जागी आरपार भोके. आत पोकळ, पुतळा उघडता येई आणि आतले अवयव दिसत. एक पुतळा वैद्यकशाळेत ठेवला, दुसरा राजधानी खायफंगच्या एका मोठ्या बौद्ध मंदिरात. ग्रंथ दगडी शिळांवर कोरून त्याही तिथेच उभ्या केल्या, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने येऊन ताडून पाहावे.

आणि परीक्षा! पुतळ्यावर बाहेरून पिवळ्या मेणाचा थर द्यायचा, म्हणजे भोकेही झाकली आणि नावेही. आत पाणी भरायचे. कुठे पारा म्हटले आहे. परीक्षकाने जागेचे नाव घ्यायचे आणि विद्यार्थ्याने अंगुळे मोजून सुई मारायची. जागा बरोबर असेल तर सुई मेणातून आत जाईल आणि पाणी ठिबकेल. चुकली तर सुई धातूवर आपटून वाकेल. यात परीक्षकाची मर्जी नाही, वशिला नाही, घराण्याचे नाव नाही. तीस वर्षे पेपर तपासल्यावर मी शपथेवर सांगतो की याहून निःपक्षपाती परीक्षा मी ऐकलेली नाही.

आपल्याकडे असे काही नव्हते काय, असे कुणी विचारील. होते. सुश्रुतसंहितेत शिष्याच्या हाताला वळण लावण्यासाठी एक अध्यायच आहे. कापणे शिकायचे ते भोपळ्यावर आणि काकडीवर. शीर वेधायला शिकायचे ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. म्हणून सुयांची विद्या इथूनच तिकडे गेली असे म्हणण्याची हौस काही मंडळींना असते. मला तिला पुरावा दिसत नाही. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना एकच गोष्ट कळली होती, एवढेच मी म्हणेन: पाठांतर पुरते झाले तरी हात अडाणी राहू शकतो, आणि त्या हाताने जिवंत माणसाकडे जाण्याआधी कुठेतरी चुकून घ्यावे.

आता एक गोष्ट आपल्या शेजारची. सुंगांचे राज्य ढासळले, पुतळ्यांची फाटाफूट झाली. एक मंगोलांच्या हाती आला तो मोडक्या अवस्थेत. कुब्लाईखानाच्या दरबारात तो दुरुस्त करू शकेल असा कारागीर मिळेना. त्या वेळी नेपाळच्या खोऱ्यातून आलेला अरनिको नावाचा एक तरुण दरबारात होता. वय असेल विशीच्या आसपास. तो मूर्तिकार. तिबेटात स्तूप बांधायला गेलेल्या नेपाळी कारागिरांच्या तुकडीबरोबर तो आला होता. खानाने त्याला पुतळा दाखवून विचारले, तुला हा नवा करता येईल काय? मुलगा वैद्य नव्हता; पण त्याने काम अंगावर घेतले आणि १२६५ मध्ये पुतळा शिरा-नाड्यांसकट पूर्ण करून दिला. चिनी सोनार-ओतारी थक्क झाले, असे त्यांच्याच इतिहासात लिहिले आहे. पेकिंगमधला पांढरा स्तूप पाहायला आजही लोक जातात, तो याच अरनिकोच्या हातचा. पाटण-काठमांडूच्या ओतशाळेतला हात चिनी वैद्यांच्या परीक्षेच्या कामी आला, हे वाचून मला अंमळ अभिमान वाटला हे कबूल करतो.

पुढे मिंग राजवटीत १४४३ मध्ये नवा पुतळा ओतला, नव्या शिळा कोरल्या. आणि वांग वैयीच्या मूळ शिळा फोडून त्यांचे दगड पेकिंगच्या तटाच्या पायात घातले. चारशे वर्षे ज्यांच्याशी विद्या ताडून पाहिली ते दगड पाचशे वर्षे मातीत गेले. १९६५ पासून तट पाडू लागले तेव्हा त्यांचे तुकडे एकेक करून वर आले, अक्षरांसकट.

पुतळ्याची एवढी स्तुती केली. पण त्यात एक उणे आहे. पुतळा एकाच मापाचा. रोगी लठ्ठ येतो, हडकुळा येतो, पाच वर्षांचे पोर येते. म्हणून चिनी वैद्य अंतर मोजतात ते रोग्याच्याच अंगठ्याच्या रुंदीने, जसे आपले आयुर्वेद ज्याचे त्याच्या अंगुळांनी मोजते. पुतळा श्वास घेत नाही, अंग आक्रसत नाही. सुई योग्य जागी बसली की रोग्याला तिथे जडपणा, झिणझिणी, काहीतरी ओढल्यासारखे वाटते. टोचणाऱ्याच्या बोटांनाही ते कळते. जुने गुरू त्याला गळाला मासा लागल्याची उपमा देत. कोकणातला वाचक ती चटकन ओळखील. पाण्याने भरलेल्या धातूला मासा कसा लागणार? तेवढे गुरूच्या शेजारी बसूनच शिकावे लागे.

सुईला निदान पुतळा तरी होता. झाडपाल्याच्या विद्येला काय होते? तिथे चूक डोळ्यांना दिसत नाही. वाळलेली मुळी मुळीसारखीच दिसते. एकच नाव दोन प्रांतांत दोन झाडांना, आणि एकाच झाडाला दहा नावे. या जंगलात वाट पाडणारा माणूस ली शीचन. जन्म १५१८, हूपै प्रांतातल्या वैद्याच्या घरी. बापाला वाटे की मुलाने वैद्य होऊ नये, सरकारी परीक्षा देऊन अधिकारी व्हावे. गावोगाव फिरणाऱ्या वैद्याला तेव्हा मान कमी होता. मुलगा परीक्षेत तीनदा नापास झाला. मग बापाच्या हाताखाली बसला. नापास मुलांच्या आईबापांनी या दिवाळीत एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

ली शीचन आधी पुस्तके शिकला आणि मग पुस्तकांवरचा त्याचा विश्वास उडाला. एका ग्रंथात दोन वनस्पती एक केलेल्या, दुसऱ्यात एकीच्या दोन. तेव्हा तो लाकूडतोडे, कोळी, शेतकरी यांच्याकडे विचारत फिरू लागला. त्याच्या गावाकडचा एक साप औषधासाठी प्रसिद्ध होता. तो खरा कोणता हे पाहायला तो साप धरणाऱ्यांबरोबर डोंगरात गेला. धोत्र्याची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. चिनी भाषेत धोत्र्याचे नाव 'मानथुओलुओ', आणि ते आपल्या संस्कृत मंदारवावरून गेलेले. लोक म्हणत की हसत हसत धोत्र्याचे फूल तोडून दारूत घातले तर पिणाऱ्याला हसू येते, नाचत तोडले तर नाच येतो. ली शीचनने स्वतः पिऊन पाहिले. त्याचा निर्वाळा असा की अर्धवट झिंग चढेपर्यंत प्यावे लागते आणि समोर कुणीतरी हसावे किंवा नाचावे लागते, मग त्याची लागण होते. सत्तावीस वर्षे असे पारखून त्याने १५७८ मध्ये आपला द्रव्यकोश पुरा केला: बावन्न खंड, १,८९२ द्रव्ये, अकरा हजारांवर पाठ. १५९३ मध्ये तो वारला. ग्रंथ छापून बाहेर पडला १५९६ मध्ये.

या खटाटोपाची किंमत किती, ते अलीकडच्या एका प्रकाराने कळते. १९९० च्या सुमारास बेल्जममध्ये काही स्त्रियांना वजन उतरवण्यासाठी चिनी मुळ्यांच्या पुड्या देत. त्यात 'हान फांगची' नावाची मुळी पडायची होती. पडली 'ग्वांग फांगची'. नावात एका शब्दाचा फरक, पण झाड निराळ्याच कुळातले, आणि मूत्रपिंडाला जहर. शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुड्या बांधणाऱ्या हातांनी ती मुळी कधी ओली पाहिली नसावी. हे वाचले त्या रात्री मला आजोबांचा तो उकिरडा आठवला.

आता जरा जपानकडे. चीनमधून ही विद्या तिकडे पूर्वीच गेली होती. तिथे सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचा माणूस झाला, जन्म १६१०, सामुराई घराण्यातला. लहानपणीच डोळे गेले. आंधळ्यांनी करायचे धंदे ठरलेले: गाणेबजावणे, अंग रगडणे आणि सुया टोचणे. मुलगा एदोला, म्हणजे आजच्या तोकियोला, एका आंधळ्याच गुरूकडे गेला. पण हात जड आणि पाठांतर कच्चे. गुरूने हाकलून दिले.

पुढची गोष्ट आख्यायिकेत मोडते, पण जपानात ती घरोघर सांगतात. हताश होऊन तो एनोशिमा बेटावर बेनझाइतेन देवीच्या गुहेत उपाशी बसला. ही बेनझाइतेन म्हणजे दुसरी कुणी नव्हे, आपली सरस्वती. बौद्धांच्या हाती वीणा टाकून बिवा घेऊन ती जपानात गेली. उपास संपवून परतताना त्याला दगडाची ठेच लागली, तो पडला, आणि पायाला काही टोचले. चाचपून पाहतो तो पोकळ नळीसारख्या गुंडाळलेल्या पानात अडकलेली पाइनची काडी. त्यावरून त्याला युक्ती सुचली: सुई नळीत घालावी, नळी कातडीवर टेकवावी आणि सुईच्या डोक्यावर बोटाने टिचकी मारावी. सुई थरथरत नाही, वाकत नाही, आणि दुखतही कमी. डोळ्यांचे काम नळीने आणि डाव्या हाताच्या बोटांनी केले. माझ्या खांद्यात त्या तरुणाने सुया टोचल्या त्या अशाच नळीतून. दरवेळी टिचकी वाजली की मी त्या ठेच लागलेल्या विद्यार्थ्याला मनात नमस्कार करी.

सुगियामाने पुढे शोगुन त्सुनायोशीला बरे केले. शोगुनने विचारले, काय हवे? म्हणाला, एक डोळा. शोगुनने त्याला होंजो भागातली 'हितोत्सुमे' नावाची जागा दिली. शब्दाचा अर्थ पहिला पट्टा, आणि दुसरा अर्थ एक डोळा. ही कोटी खरी असो नसो, त्या जागेवरचे देऊळ आजही आहे. याहून मोलाचे काम १६८० नंतरच्या दशकात झाले: शोगुनच्या आज्ञेने सुगियामाने आंधळ्या विद्यार्थ्यांसाठी सुईच्या शाळा काढल्या. ज्याला मंद म्हणून हाकलले त्यानेच शिकवण्याची पद्धत बसवली. मला वाटते हे साहजिकच आहे. ज्याला विद्या चटकन येते त्याला ती दुसऱ्याला कशी द्यावी हे पुष्कळदा कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, जिंकलेल्या अमेरिकनांच्या मनात ही विद्या बंद करायचे आले, तेव्हा आंधळे सुईवैद्य निषेधाला उभे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला आणि शिक्षण व परीक्षा सक्तीची होऊन विद्या वाचली. जपानच्या अंधशाळांत ती आजही शिकवतात.

खुद्द चीनमध्ये मात्र तिला उतरती कळा लागली होती. १८२२ मध्ये बादशहाने दरबारी वैद्यकशाळेतली सुईची शाखाच बंद केली. राजाच्या अंगाला सुया टोचाव्या हे शोभत नाही, असे कारण. विद्या गावच्या वैद्यांकडे राहिली. मग पाश्चात्त्य वैद्यक आले. १९२९ मध्ये नव्या सरकारच्या आरोग्य समितीत जुने वैद्यक मोडून काढण्याचा ठराव आला: जुन्या वैद्यांची नोंद करावी, त्यांच्या शाळा बंद कराव्या. शाळा बंद म्हणजे एका पिढीत सगळेच बंद. १७ मार्चला देशभरचे वैद्य शांघायला जमले आणि त्यांनी तो ठराव हाणून पाडला.

पण सभा जिंकून विद्या टिकत नाही. छंग तान-आन हा वैद्याचा मुलगा. पाश्चात्त्य वैद्यकही शिकला आणि घरच्या विद्येला हसू लागला होता. पुढे त्याची स्वतःची कंबर धरली आणि बापाच्या सुयांनी सुटली, तेव्हा तो परत फिरला. त्याने १९३० च्या सुमारास टपालाने सुईची विद्या शिकवायला सुरुवात केली! टपालाने! माझी पहिली प्रतिक्रिया आत्यासारखीच झाली. पण त्याची बाजूही पाहावी. गावोगावी शिकू इच्छिणारे तरुण होते आणि शिकवणारा कुणी नव्हता. घराण्यांनी विद्या झाकून ठेवून ठेवून मरणाला टेकवली होती. छंगने झाकण काढले. शरीरशास्त्र शिकून त्याने जागा नव्याने आखल्या, जिवंत माणसाच्या अंगावर जागा रंगवून छायाचित्रे छापली, मासिक काढले, विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरे दिली. तांग दरबारात वीस विद्यार्थ्यांमागे बत्तीस माणसे होती; इथे एका माणसामागे पोस्टाची पोती. हात तयार व्हायचा तो विद्यार्थ्याच्याच मांडीवर. १९५४ मध्ये नानचिंगला सरकारी शाळा निघाली तेव्हा तिचा पहिला मुख्य तोच झाला.

आपल्याकडे ही विद्या आली तीही एका विद्यार्थ्यामुळेच, आणि त्या कथेला सोलापूरचा एक धागा आहे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टर चीनला निघाले: अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, बंगालचे बसू आणि मुखर्जी. जपानशी लढणाऱ्या चीनला काँग्रेसने पाठवलेली ही मदत. कोटणीस परत आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. विजयकुमार बसू १९४३ मध्ये परतले. त्यांना नाकाचे जुनाट दुखणे होते. १९५७ मध्ये ते पुन्हा चीनला गेले तेव्हा त्यांनी स्वतःवर सुया टोचून घेतल्या आणि त्यांना आराम पडला. एखादा डॉक्टर बरे वाटले म्हणून आभार मानून आला असता. बसू पुढच्या वर्षी पुन्हा गेले आणि विद्यार्थी होऊन बसले. वीस वर्षे शस्त्र चालवलेल्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या डॉक्टराने कापसाच्या गुंडीवर सुई मारायला बसणे, हे मला मोठे वाटते. १९५९ मध्ये त्यांनी कलकत्त्यात हे उपचार सुरू केले. भारतातल्या सुईवैद्यांची गुरुपरंपरा मागे नेत गेले तर पुष्कळ वाटा त्यांच्यापाशी पोहोचतात. बंगालमध्ये सुयांचे दवाखाने चालतात ते कोटणीसांच्या नावाने. शल्यवैद्य कोटणीसांना त्याची मौज वाटली असती.

त्याच १९५९ मध्ये पेकिंगला थू योयो नावाची एक तरुण औषधशास्त्रज्ञ अशाच वर्गात बसली होती. पाश्चात्त्य शिक्षण झालेल्यांना जुने वैद्यक शिकवणारा तो अडीच वर्षांचा वर्ग. मुळी ओळखणे, भाजणे, भिजवणे, जुने ग्रंथ वाचणे असा अभ्यास. दहा वर्षांनी हिवतापावर औषध शोधायचे काम तिच्याकडे आले. दवण्याच्या कुळातल्या एका झुडपाचा काढा कधी गुण दाखवी, कधी नाही. तिला चौथ्या शतकातल्या एका ग्रंथातला पाठ सापडला: त्यात झुडूप उकळायला सांगितलेलेच नव्हते, पाण्यात भिजवून पिळायला सांगितले होते. उष्णतेनेच गुण मरत असेल काय? १९७१ मध्ये थंडपणे काढलेल्या अर्काने काम केले. त्यातून निघालेल्या औषधाने जगभर असंख्य जीव वाचले, आणि २०१५ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. जोतिबाला दवणा वाहणाऱ्यांनी हे भावंड लक्षात ठेवायला हरकत नाही.

सुयांबद्दल मात्र असा निकाल देता येत नाही. खऱ्या सुया आणि नुसत्या टोचल्यासारख्या केलेल्या खोट्या सुया यांची तुलना केली तर दुखण्याच्या बाबतीतही फरक पुष्कळदा थोडाच निघतो. विद्वान भांडत आहेत, भांडोत. महाराष्ट्राने या उपचारासाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला तो मला वेगळ्या कारणाने बरा वाटतो. सुई फुप्फुसापर्यंत गेली तर काय होते हे कळायला मोठे शास्त्र लागत नाही. टोचणारा शिकलेला असावा, हे तरी भांडणाच्या पलीकडचे आहे.

माझा खांदा सुटला. हात आता माळ्यापर्यंत पोहोचतो. तो सुयांनी सुटला की काळाने, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणतात की आखडलेला खांदा वर्षा-दीड वर्षात आपोआपही सुटतो. शेवटच्या दिवशी आत्या आली होती. मी उठून सदरा घालत होतो तेवढ्यात तिने लुगडे जरा वर सारून आपला सुजलेला गुडघा पुढे केला.

तरुण सुयांची पुडी फोडू लागला. आत्या म्हणाली, "थांब. आधी तुझ्या पायात एक टोचून दाखव."

त्याने खुर्ची ओढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला चार बोटे मोजली आणि नळी टेकवली. आत्याने चष्मा वर केला आणि पुढे वाकून नीट पाहिले.